नळीतला कोल्हा आणि दोन दिवसांचा महिना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीच्या दुसऱ्या भागाचा आराखडा मिळाला आणि मी तो दोनदा वाचला, एकदा चहा पिता पिता आणि एकदा हातात लाल पेन घेऊन. त्यात पाच हवाई जहाजे आहेत, सागरी युद्ध आहे, चीनचा ड्रॅगन आहे, कोरियातली नऊ शेपट्यांची कोल्हीण आहे आणि शेवटच्या प्रकरणात तर आपला गरुडही हजेरी लावून जातो. पहिल्या भागात मात्र रेशमाची एक गिरणी, एक बॉयलर आणि बांबूच्या नळीत मावणारा एक इवलासा कोल्हा एवढ्याच ऐवजावर तू मला रात्री दीड वाजेपर्यंत जागे ठेवले होतेस. हा फरक का पडला, याचा विचार करताना मला माझीच एक जुनी फजिती आठवली.

माझ्या एका कुमार कादंबरीचा पहिला भाग बरा खपला, तेव्हा प्रकाशकांनी सांगितले की आता याहून मोठे काहीतरी हवे. मी नायकाला गावाबाहेर काढले, त्याला तीन राज्ये फिरवली आणि खलनायकांची संख्या दुप्पट केली. पुस्तक आल्यावर एका शाळकरी मुलीचे पोस्टकार्ड आले. पहिल्या भागात विहिरीत पडलेल्या बैलाचे पुढे काय झाले, एवढेच तिने विचारले होते. मी तिला उत्तर लिहू शकले नाही, कारण तो बैल मी साफ विसरले होते.

तुझा बैल म्हणजे तो कोल्हा आहे. कुदा-गित्सुने, म्हणजे नळीतला कोल्हा, हे नाव तू पुण्याच्या जपानी भाषेच्या वर्गात ऐकलेस आणि त्याच्या नळीवरून तुला वाफेची नळी सुचली, ही कल्पना मला आजही फार आवडते. जपानमधल्या शिनानोच्या (आजच्या नागानोच्या) डोंगराळ भागातून आलेली तुझी नायिका आजीने दिलेला कोल्हा घेऊन तोमिओका गावच्या रेशीम गिरणीत येते, बॉयलर बंद पडल्यावर त्याला तांब्याच्या नळीत सोडते आणि रहाट पुन्हा फिरू लागतात. तिथे तू पहिला भाग संपवलास. पण मूळ समजुतीत गोष्ट तिथे संपत नाही, खरे तर तिथे ती सुरू होते. हा कोल्हा घरात भरभराट आणतो, मग त्याची पिलावळ वाढत वाढत पंचाहत्तरपर्यंत जाते, त्या सगळ्यांना खाऊ घालता घालता घर धुळीला मिळते आणि असा कोल्हा पाळणारे म्हणून ज्या घराण्याकडे बोट दाखवले जाते, त्यांच्याशी सोयरीक करायला कोणी धजत नाही. तोमिओकाच्या गिरणीत रेशीम उकलण्याच्या तीनशे कढया होत्या आणि त्यांतले पाणी वाफेवरच तापत असे. पंचाहत्तर कोल्हे आणि तीनशे कढया, म्हणजे चार कढयांमागे एक कोल्हा! हा हिशेब लोककथेने आणि इतिहासाने मिळून तुझ्यासाठी मांडून ठेवला आहे, आणि तू हवाई जहाजे शोधत बसला आहेस.

त्या समजुतीची काळी बाजू सोडू नकोस. एखादे घर अचानक वर आले की कुजबुज सुरू होते. आपल्या कोकणातही ‘त्याने काहीतरी पाळले आहे’ असे दबक्या आवाजात म्हणणारी माणसे तू पाहिली असशील. जपानात अशा कुजबुजीने खऱ्या माणसांची लग्ने मोडली, खरी घराणी गावात असून वाळीत पडल्यासारखी जगली. म्हणून कोल्हा नुसता गोंडस ठेवून चालणार नाही. नायिकेच्या शेजारच्या कढईवर बसणारी मुलगी एके दिवशी आपली बैठक थोडी दूर सरकवते, एवढे दाखवलेस तरी पुरे, त्यावर भाष्य करायला जाऊ नकोस.

आता काळाबद्दल लिहिते, कारण तुझ्या आराखड्यातली मोठी संधी तिथेच आहे आणि तू ती ओलांडून पुढे गेला आहेस. गिरणी १८७२ च्या शरद ऋतूत सुरू झाली आणि तुझा दुसरा भाग १८७५ मध्ये उघडतो. मधली तीन वर्षे परत आण, निदान पहिला हिवाळा तरी आण. त्याच हिवाळ्यात जपानी सरकारने जुने चांद्र-सौर पंचांग मोडीत काढून युरोपीय दिनदर्शिका स्वीकारली, आणि तीही जेमतेम तेवीस दिवसांच्या सूचनेवर. सम्राट मेजींच्या राजवटीतल्या पाचव्या वर्षाच्या बाराव्या महिन्याचा तिसरा दिवस हाच १ जानेवारी १८७३ ठरला. म्हणजे त्या वर्षीचा बारावा महिना अवघ्या दोन दिवसांचा झाला. पुढच्या वर्षी आपल्या अधिक मासासारखा तेरावा महिना येणार होता, तोही गेला, आणि त्यामुळे सरकारी नोकरांचे पगार वाचले, हे या निर्णयामागचे एक कारण होते असे तेव्हा सरकारात असलेल्या ओकुमा शिगेनोबू यांनी पुढे सांगितले आहे. (पगाराचा मुद्दा तुझ्या कुमार वाचकांना नक्की आवडेल, त्यांच्या घरी महिनाअखेर काय असते ते त्यांना ठाऊक असते.)

याला तुझ्या कथेतली दुसरी विसरलेली वस्तू जोड. चौथ्या प्रकरणात नायिकेची आजी आपला हाताने फिरवायचा जुना रहाट माळ्यावर टाकते, कारण आता गिरणी आली. शंभर वर्षे पुरी झाली की अवजारात जीव येतो आणि त्याचे त्सुकुमोगामी, म्हणजे अवजाराचे भूत, बनते, म्हणून लोक वर्षअखेरच्या झाडलोटीत नव्याण्णव वर्षांची अवजारे टाकून देत, असे जुन्या चित्रकथेत सांगितले आहे. टाकून दिलेली अवजारे तिथे सूड घ्यायचे ठरवतात, एक जपमाळ त्यांना शांत राहा म्हणून सांगते, तर तिलाच चोप मिळतो, आणि शेवटी मात्र तीच त्यांची गुरू होते. घरातली काजळी झाडण्याची ही साफसफाई एदोमध्ये (आजच्या टोकियोत) बाराव्या महिन्याच्या तेराव्या दिवशी होत असे. आता जरा मोजून पाहा. त्या वर्षी बाराव्या महिन्यात तेरावा दिवस उगवलाच नाही. आजीचा रहाट नव्याण्णव वर्षांचा असेल आणि तो टाकून देण्याचा दिवसच पंचांगातून नाहीसा झाला असेल, तर तो शंभरीत गेला की नाही, हे कोणी ठरवायचे? सरकारने, पुरोहिताने की स्वतः रहाटाने? या एका प्रश्नावर दोनशे पाने उभी राहतील, आणि ती तोमिओकाच्या बाहेर पाऊल न टाकता.

यंत्रांबाबत माझा हट्ट तुला ठाऊक आहे. स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या काळातली तुझ्यासारखी कल्पित गोष्ट, म्हणजे नुसती पितळी चाके आणि गॉगल लावलेली माणसे नव्हेत, यंत्र कसे चालते हे लेखकाच्या बोटांना माहीत असले पाहिजे. गिरणीच्या देखरेख्याच्या घरी एक जुने जपानी घड्याळ ठेव. त्या पद्धतीत पहाट ते संध्याकाळ सहा भाग आणि रात्रीचे सहा भाग, त्यामुळे दिवसाचा एक ‘तास’ उन्हाळ्यात आजच्या अडीच तासांहून मोठा होई आणि हिवाळ्यात दोन तासांहून लहान. आपला प्रहरही असाच दिवसमानाप्रमाणे ताणतो आणि आखडतो. घड्याळाच्या माथ्यावर खाचा पाडलेले दोन आडवे दांडे असत, एक दिवसा झुले आणि दुसरा रात्री, आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना छोटी वजने टांगलेली असत. साधारण पंधरा दिवसांनी घड्याळजी ही वजने एकेक खाच सरकवी. वजने बाहेर गेली की दांडा सावकाश झुले आणि तास लांबे, आत आली की तो लगबगीने झुले आणि तास आखडे. हे वजन नायिकेच्या हातात दे. गार पडलेला धातू, वाफेने पांढरी पडून सुरकुतलेली तिची बोटे आणि एक खाच. १८७३ च्या जानेवारीत ती खाच निरुपयोगी होते, कारण गिरणीचा भोंगा वर्षभर सारख्याच लांबीच्या तासावर वाजतो. नवे पंचांग आले, हे कोणत्याही पात्राच्या तोंडून सांगण्याची मग गरज उरणार नाही.

फ्रेंच माणसांना खलनायक करण्याचा मोह आवर. गिरणी उभारणारा फ्रेंच तज्ज्ञ पॉल ब्र्युना आणि त्याचे सहकारी मुलींचे रक्त पितात, अशी अफवा तेव्हा खरोखर पसरली होती, कारण ते तांबडी वाइन पीत, आणि त्या भीतीने सुरुवातीला गिरणीला कामाला मुली मिळेनात. तुझ्या कथेत भुते खरी आहेत आणि ही अफवा खोटी आहे, यातली गंमत सांभाळ. शिनानोच्या मात्सुशिरो गावची वादा एई १८७३ मध्ये गिरणीत आली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती आणि तिने पुढे त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या. त्या मिळवून वाच, तुझ्या वर्गातल्या शिक्षिका मदत करतील. तिथल्या मुली एकमेकींशी चढाओढ करतात, घरच्या आठवणीने रडतात, चांगला धागा काढला म्हणून मिरवतात. तुझी नायिका पहिल्या भागात जरा जास्तच शूर होती.

ड्रॅगन, नऊ शेपट्यांची कोल्हीण आणि गरुड यांच्याशी माझे वैर नाही. पण ‘आशियाई’ नावाचा एकच गाव कुठे नसतो, जसे आपल्याकडचा मुंज्या पिंपळ सोडून दुसऱ्याच्या शेतात राहायला जात नाही. ज्याच्या त्याच्या गोष्टीत त्याला राहू दे.

बाकीचा आराखडा तूर्त बाजूला ठेव आणि त्या दोन दिवसांच्या महिन्याचे एकच प्रकरण लिही. पहिल्या दिवशी आजी माळ्याकडे बघते आणि दुसऱ्या दिवशी रात्री माळ्यावर काहीतरी फिरल्याचा आवाज होतो, तिथे थांब. दिवाळीनंतर मी घरीच आहे, टाइप करत बसू नकोस, वहीच घेऊन ये.

तुझ्या बाई