रात्रीचा डबा बंद करू नका, आधी अर्ज कुठं अडकलाय ते बघा

तुम्ही जतकडून सांगलीत येऊन एम.एस्सी. रसायनशास्त्राचं पहिलं वर्ष करताय. विश्रामबागेत कॉट बेसिसवर राहता. घरून महिना ६,५०० येतात, त्यातले २,२०० कॉटला आणि २,८०० दोन वेळच्या डब्याला जातात. शिष्यवृत्ती आलेली नाही, तीन महिन्यांत वजन उतरलंय, पित्ताचा त्रास सुरू झालाय. म्हणून रात्रीचा डबा बंद करून दुसरी शिकवणी धरावी का, असं विचारलंय. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे, आणि त्याची कारणं सविस्तर लिहितो.

आधी डब्याचा हिशेब. रात्रीचा डबा बंद केला की महिना साधारण १,३०० वाचतील असं तुम्ही धरलंय. म्हणजे दिवसाला ४३ रुपये. पण रात्री नऊला भूक लागणारच. तेव्हा एक वडापाव आणि चहा घेतला तरी ३० रुपये गेले. उरले दिवसाला १३, महिन्याला ३९०. एवढ्या पैशासाठी दिवसातलं एक पूर्ण जेवण घालवायचं आणि वर पित्ताच्या गोळ्या विकत घ्यायच्या, हा व्यवहार तोट्याचा आहे. त्यापेक्षा डबेवाल्या मावशींशी खाड्यांचं नीट बोलून घ्या. घरी जाताना किती दिवस आधी सांगितलं तर खाडा धरतात, सलग किती दिवसांचा धरतात, रविवारी रात्रीची सुट्टी पैशात धरलीय का, हे महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवून वहीत मांडा. महिन्यातून दोनदा गावी जाणाऱ्याचे चार-पाच दिवसांचे पैसे केवळ न सांगितल्यामुळे जातात.

वर्षाचा हिशेब मांडलात तर तुमचा पैसा वाटतो तितका कमी नाही, तो उशिरा येतो. फी, परीक्षेचा अर्ज, जर्नल, प्रोजेक्ट यांचे खर्च ठरलेल्या तारखांना येतात आणि शिष्यवृत्ती तिच्या सवडीनं. मधली पोकळी पोटातून आणि झोपेतून भरली जाते. म्हणून पहिलं काम शिकवणी शोधण्याचं नाही. महाडीबीटीवरचा (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरचा) अर्ज नेमका कुठल्या टप्प्यावर आहे, ते बघण्याचं आहे.

लॉगिन करून अर्जाची स्थिती उघडा. अर्ज आधी कॉलेजच्या टेबलावर असतो, मग विभागाच्या. कॉलेजकडेच पडून असेल तर बहुतेक वेळा छापील प्रत आणि कागदांचा संच कार्यालयात जमा झालेला नसतो. ऑनलाइन भरलं म्हणजे झालं असं समजून मुलं थांबतात, आणि क्लार्क कागदांची वाट बघत थांबतो. अर्ज त्रुटीसाठी परत आला असेल तर तो तुमच्याच लॉगिनमध्ये पडून राहतो. फोनवर संदेश येईलच असं धरू नका, आठवड्यातून एकदा स्वतः बघा. त्रुटी सहसा त्याच त्या असतात: उत्पन्नाचा दाखला चुकीच्या आर्थिक वर्षाचा, बी.एस्सी.नंतर वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र नाही, गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही, किंवा गुणपत्रिकेची एकच बाजू चढवलेली. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याचा अहवाल लागतो आणि जून-जुलैत सेतूवर गर्दी असते. पुढच्या वर्षाचा दाखला उन्हाळ्यातच घरच्यांना काढून ठेवायला सांगा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो, तो आपोआप पुढे जात नाही.

अर्ज मंजूर दिसतोय आणि तरी पैसे नाहीत, तर गाठ बँकेत आहे. आधार खात्याला 'जोडलेलं' असणं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, 'सीड' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी पैसे एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत तुमच्या आधारसमोर ज्या बँकेचं नाव आहे तिथंच जातात, मग अर्जात तुम्ही कुठलाही खातेक्रमांक लिहिलेला असो. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, ते उघडून बँकेचं नाव वाचा. पुष्कळदा तिथं शाळेत असताना गावच्या शाखेत काढलेलं खातं निघतं. ते अल्पवयीन म्हणून काढलेलं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर केवायसी आणि सही नव्यानं द्यावी लागते. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय झालेलं असतं. अशा वेळी सध्याच्या बँकेत डीबीटी सीडिंगचा फॉर्म भरा, पोच घ्या, आणि आठ-दहा दिवसांनी स्टेटस बदललं का ते बघा.

तुम्ही कुठल्या प्रवर्गात येता ते लिहिलेलं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. तुमची तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित यावर बरंच ठरतं, ते कार्यालयात विचारा. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना राहण्या-जेवणासाठी वेगळ्या योजना आहेत: अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयंम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार. तुमचा मोठा खर्च खोली आणि डब्याचा आहे, त्यामुळे यातली एखादी लागू होत असेल तर फीच्या सवलतीपेक्षा तिचा आधार मोठा. या योजनांत बहुधा वसतिगृहाला अर्ज केलेला असणं बघतात. जागा मिळणारच नाही म्हणून तो अर्जच न भरणं महागात पडतं.

दरम्यान फीचा तगादा असेल तर प्राचार्यांच्या नावे हप्त्यांसाठी लेखी अर्ज द्या. पहिला हप्ता किती, दुसरा कोणत्या तारखेला, हे स्वतःच लिहा आणि महाडीबीटीच्या अर्जाची प्रत जोडा. तोंडी विनंतीला 'बघू' असं उत्तर मिळतं, तारीख घातलेल्या कागदावर शेरा मिळतो.

आता शिकवणी. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एम.एस्सी.च्या प्रत्येक सत्राला २२ क्रेडिट आहेत. थिअरीच्या एका क्रेडिटला आठवड्याला एक तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला दोन. समजा १४ थिअरीचे आणि ८ प्रॅक्टिकलचे आहेत, तर ३० तास कॉलेजातच गेले. जर्नल आणि वाचनाला किमान १५ ते १८ तास लागतात. यापुढे कमाईसाठी आठवड्याला दहा-बारा तास निघतात, त्याहून जास्त घेतले की झोप कापली जाते. हे तास कुठं विकायचे ते नीट ठरवा. महिना २,५०० ची घरगुती शिकवणी, महिन्यात २२ दिवस रोज एक तास, जाण्यायेण्यात ४० मिनिटं, म्हणजे जवळपास ३७ तास झाले. तासाला ६८ रुपये पडले, आणि त्यात पेट्रोल किंवा रिक्षा धरलेली नाही. त्याच घरातली किंवा त्याच गल्लीतली दोन मुलं एकत्र बसवली तर येण्याजाण्याचे तास न वाढता पैसे दीडपट-दुप्पट होतात. सातवीच्या सगळ्या विषयांपेक्षा अकरावी-बारावीचं रसायनशास्त्र घ्या. दर बरा मिळतो, आणि मूलभूत सेंद्रिय रसायन व रासायनिक समतोल शिकवताना नेट परीक्षेचा (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचा) पायाही पक्का होतो. दुसरी शिकवणी घ्यायचीच असेल तर पहिलीच्या शेजारी घ्या. गावाच्या दुसऱ्या टोकाची नको.

कॉलेजच्या 'कमवा आणि शिका' योजनेची चौकशी मात्र नक्की करा. कर्मवीर भाऊराव पाटील मूळ याच जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकच्या घराण्यातले. त्यांनी रुजवलेली ही पद्धत आज बऱ्याच कॉलेजांत चालते, आणि ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत काम करण्यात कमीपणा काहीच नाही. पैसे शिकवणीपेक्षा कमी मिळतील, पण प्रवास शून्य आणि तास वेळापत्रकात बसणारे. विचारायची वेळ सत्राच्या सुरुवातीची, नंतर जागा भरलेल्या असतात. आणखी एक बाब आधीच लक्षात ठेवा: दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिटचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण असतं, म्हणजे साधारण १२० तास. ते सुट्टीत आलं तर तेवढे दिवस शिकवणीचे पैसे येणार नाहीत. शिकवणीच्या पालकांना आणि घरी आत्ताच सांगून ठेवा.

पैसे हातात आले की त्याच दिवशी कॉट आणि डबा भागवा. उरलेल्या १,५०० मधले ५०० वेगळ्या खात्यात टाका, ते फक्त तारखेच्या खर्चांसाठी: परीक्षा अर्ज, नेट-सेटचा अर्ज, प्रोजेक्टचं बाइंडिंग. शिकवणीच्या पैशांतून आधी एक महिन्याचा डबा आणि जतच्या एसटीचं भाडं एवढी शिल्लक तयार करा, मग बाकीचं. मोबाइलवरच्या झटपट कर्जाला हात लावू नका. ३,००० मंजूर दाखवून ६०० कापून २,४०० हातात दिले आणि पंधरा दिवसांत ३,००० मागितले, तर पंधरवड्याला २५ टक्के व्याज झालं. जे ॲप फोनमधली संपर्कयादी मागतं ते रिझर्व्ह बँकेच्या नियमातच बसत नाही, पुढे त्याच यादीवर धमक्या जातात. उसने लागलेच तर वर्गमित्राकडून, परतीची तारीख सांगून.

तब्येतीचं मी उशिरा लिहितोय, पण करायचं या आठवड्यातच. प्रयत्न न करता वजन उतरणं आणि सोबत पित्त, हे मेडिकलच्या काउंटरवर सोडवायचं प्रकरण नाही. साठ किलोच्या माणसाचं तीन किलो उतरलं म्हणजे पाच टक्के झाले, एवढ्यावर तपासणी करायलाच हवी. सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं शासकीय रुग्णालय, सकाळच्या ओपीडीला जा, केसपेपर नाममात्र शुल्कात निघतो. हिमोग्लोबिन तपासून घ्या. पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. शाकाहारी असाल तर बी-१२ बद्दलही विचारा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी मागा, ती आणि क्षयाचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. काळी शौच, गिळताना त्रास किंवा वारंवार उलटी असेल तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघू नका. रेशनकार्ड आणि आधारचा फोटो फोनमध्ये ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजना दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही. लिहून दिलेली औषधं जनऔषधी केंद्रात स्वस्त पडतात.

तोवर पित्तासाठी एवढं करा. अंगदुखीची गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका, आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक जठराला थेट इजा करतात. पॅन्टोप्राझोल दिलं असेल तर ते नाश्त्याच्या अर्धा तास आधी घेतलं तरच नीट काम करतं, आणि स्वतःच्या मनानं महिनोन्महिने चालवायचं नसतं. जेवण आठच्या सुमारास, आडवं होणं दोन-तीन तासांनी. चहा दिवसाला दोन कप, आणि जेवणानंतर तास-दीड तास नाहीच, कारण चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. सकाळी उपाशी प्रॅक्टिकलला उभं राहू नका. सॉल्व्हंटच्या वासानं रिकामं पोट आणखी ढवळतं. विरळ करायचं काम फ्युम हूडमध्ये करा, पाण्याची बाटली लॅबच्या बाहेर ठेवा, आणि लॅबकोट खोलीत गादीवर टाकू नका.

मेसच्या जेवणात पोट भरतं, प्रथिनं कमी पडतात. साठ किलो वजनाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम लागतात. दोन वेळच्या मिळून आठ चपात्या, दोन वाट्या पातळ आमटी आणि भात यांतून जेमतेम ४० निघतात, आणि एक जेवण सोडलं की वीस. वरचे दहा-पंधरा स्वस्तात मिळतात: दोन उकडलेली अंडी १२ ग्रॅम, ५० ग्रॅम फुटाणे सुमारे १०, मूठभर शेंगदाणे ७. गावाहून येताना पैशांऐवजी मटकी, हुलगे, शेंगा आणि शेंगदाण्याची चटणी आणा. मटकी रात्री भिजवून दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधली की तिसऱ्या सकाळी कांदा-लिंबू घालून नाश्ता तयार. लिंबानं लोहही जास्त शोषलं जातं.

झोप सात तास. जर्नल अकरानंतर लिहू नका, प्रॅक्टिकल झालेल्या दिवशीच अर्धा तास लायब्ररीत बसून निरीक्षणं उतरवून टाका. आजारपणानं हजेरी ७५ टक्क्यांखाली जाईल असं दिसलं तर वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन विभागप्रमुखांना आधीच भेटा, सत्राच्या शेवटी कुणी ऐकत नाही. मन सारखं खाली जात असेल, कशातच लक्ष लागत नसेल तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

कॉट बदलून स्वस्त जागा बघायचा विचार डोक्यात असेल तर भाड्याआधी पुराचं विचारा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी धरतात, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभाग, सांगलवाडी, दत्तनगरकडच्या खोलीबद्दल त्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं ते मालकाला नको, शेजाऱ्याला विचारा. विश्रामबागेतली कॉट महिना तीनशे रुपयांनी महाग असली तरी मी सोडायला सांगणार नाही. गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये घ्या आणि मूळ कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत गावीच ठेवा.

महाडीबीटीवर अर्ज परत आलेला दिसला तर त्यावरचा शेरा जसाच्या तसा इथं लिहा, अर्ज क्रमांक आणि आधार क्रमांक मात्र टाकू नका. शेऱ्यावरून कुठला कागद लागेल ते सांगता येईल.