पावसाळ्यात चौपाटीची वाळू कुठे जाते?

प्रश्न : आम्ही दादर चौपाटीजवळ अनेक वर्षे राहतो. पावसाळ्यात पुळण जवळजवळ नाहीशी होते आणि डिसेंबरपर्यंत थोडी परत येते. मात्र इमारतीपुढे संरक्षक भिंत बांधल्यापासून तेथील वाळू दरवर्षी अधिकच खाली गेलेली दिसते. लाटा ही वाळू कुठे नेतात? भिंतीने धूप थांबायला नको का? (एक वाचक, दादर)

उत्तर : पाण्याच्या कडेला अनवाणी उभे राहिलात, तर परतणारी लाट टाचांखालची वाळू ओढून नेते आणि पाय रुतत जातात, आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तेथेच आहे. फुटलेल्या लाटेचे पाणी वर चढताना वाळू आणते आणि उतरताना नेते. हिवाळ्यातल्या संथ लाटांचे बरेचसे पाणी वाळूत जिरते, त्यामुळे उतरणारा प्रवाह दुबळा पडतो आणि आलेली वाळू किनाऱ्यावर राहते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा मात्र उंच असतात, एकामागोमाग आदळतात, आणि भिजून गच्च झालेल्या पुळणीत पाणी जिरायला जागाच नसल्याने ते जोराने परतताना वाळू खरवडून नेते. लाटेची ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट उंचीची लाट चौपट ऊर्जा घेऊन येते. त्यातच अमावास्या-पौर्णिमेचे उधाण जुळले की हा मारा थेट भिंतीपर्यंत पोहोचतो. साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या तारखा महापालिका पावसाळ्यापूर्वीच जाहीर करते, त्या याच कारणासाठी जपून ठेवाव्यात.

ही वाळू फार दूर जात नाही. किनाऱ्यालगत पाण्याखाली तिचा दांडा तयार होतो, उंच लाटा त्यावरच फुटू लागतात आणि मागच्या किनाऱ्यावरचा भार हलका होतो. पावसाळा सरल्यावर मंद लाटा तीच वाळू परत आणतात. परत न येणारी वाळू बहुधा आडवी गेलेली असते. लाटा किनाऱ्याला तिरक्या भिडतात, म्हणून वाळू काठाकाठाने सरकत राहते, आणि वाटेत एखादा बंधारा किंवा भराव आला की त्याच्या एका बाजूला ती साठते व दुसरी बाजू उपाशी राहते.

आता भिंतीविषयी. उतरती पुळण लाटेला धावायला वाव देऊन दमवते. उभ्या भिंतीवर आदळलेली लाट मात्र बरीचशी ऊर्जा राखूनच मागे फिरते आणि पायथ्याची वाळू उकरते. भिंत मागची जमीन वाचवते, पुढची पुळण नाही, हे बांधण्यापूर्वीच रहिवाशांना स्पष्ट सांगायला हवे, असे मला तळमळीने वाटते. मरीन ड्राइव्हवरचे चौपायी काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे टेट्रापॉड, पाण्याला आपल्या फटींतून जायला लावून त्याचा जोर मोडतात, म्हणून ते उभ्या भिंतीपेक्षा सौम्य ठरतात. वाळू मात्र तेही निर्माण करत नाहीत.

आपण विचारलेले नाही, तरी सांगतो : वांद्र्याचा काळा बेसॉल्टही यातून सुटत नाही. आदळणारी लाट खडकाच्या भेगांमधली हवा दाबते, लाट ओसरताच ती हवा झटक्याने सुटते, आणि असे वर्षानुवर्षे घडून भेगा रुंदावतात. लाटेबरोबर फिरणारे गोटे बाकीचे काम करतात. वाळू एका पावसाळ्यात हलते, कातळाला शतके लागतात, एवढाच फरक.

आपल्या भिंतीला पायऱ्या असतील, तर मे आणि डिसेंबरमध्ये, शक्यतो तितक्याच ओहोटीला, वाळूवर किती पायऱ्या उघड्या आहेत ते मोजून तारखेसह लिहून ठेवा. डिसेंबरचा आकडा दरवर्षी वाढत गेला, तर वाळू परत येत नाही असे समजा आणि ती नोंद घेऊन महापालिकेच्या विभाग कार्यालयात जा.