बार्ज येताना दिसली, तर मांडवी ओलांडावी का?

प्रश्न : बेतीहून पणजीला कयाकने जाताना मधेच बार्ज, म्हणजे मोठी मालवाहू बोट येते. वल्ह्याच्या होडीला मोठ्या बोटीने वाट द्यायला हवी ना?
(वाचक, पर्वरी)

उत्तर : नाही, आणि त्या भरवशावर पाण्यात उतरूच नका. बोटींची टक्कर टाळण्यासाठी १९७२ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांपैकी नववा नियम याच प्रसंगाचा आहे. जी बोट फक्त खोल पट्ट्यातूनच सुरक्षित जाऊ शकते, तिची वाट २० मीटरपेक्षा लहान बोटीने अडवायची नाही. भरलेली बार्ज बोयांच्या, म्हणजे खोल पट्ट्याची कड दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या बाहेर आली तर गाळात रुतते. तिची सुकाणूची केबिन मागे असते, त्यामुळे नाळेसमोरचे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकासमोरचे बरेच पाणी तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) दिसतच नाही. आणि दिसलात, तरी तेवढ्या वजनाची बोट लगेच थांबत नाही.

म्हणून काठाच्या बाजूने, बोयांच्या बाहेरून वल्हवा. समुद्राकडून आत येताना लाल बोये डाव्या हाताला आणि हिरवे उजव्या हाताला असतात. ओलांडायचे तर आधी हिशेब करा. समजा, खोल पट्टा १५० मीटर रुंद आहे. बेताने वल्हवताना कयाक सेकंदाला दीड मीटर जाते, म्हणजे १०० सेकंद लागतील. ताशी १५ किलोमीटरने येणारी बार्ज तेवढ्या वेळात ४०० मीटरहून जास्त अंतर कापते. ओहोटीची ओढ सेकंदाला एक मीटर असेल तर तुम्ही १०० मीटर खाली वाहून जाता, आणि बार्ज समुद्राकडून येत असेल तर नेमके तिच्याकडेच. वल्हे हातातून सुटणे, कयाक उलटणे यांसाठीही वेळ राखून ठेवायला हवा. बार्ज एक किलोमीटरच्या आत असेल तर तिला जाऊ द्या. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांत ओढ सर्वांत जास्त असते. नवख्यांनी भांगाचे, म्हणजे ओढ कमी असते ते दिवस निवडावेत.

अंदाज येत नसेल तर दिशा न बदलता वल्हवत राहा आणि बार्जच्या नाळेमागचा दूरचा किनारा पाहा. नाळेपुढची झाडे एकेक करून झाकली जात असतील तर ती तुमच्या पुढून जाईल. नवी झाडे उघडी पडत असतील तर ती मागून जाईल. काहीच बदलत नसेल आणि बार्ज मोठी मोठी दिसत असेल, तर टक्कर ठरलेली आहे. तेव्हा लगेच थांबा किंवा ठळकपणे मागे वळा. थोडेसे वळण वरून कोणाच्या लक्षात येत नाही.

चार-पाच कयाक असतील तर एकामागोमाग जाऊ नका, रांग लांबते आणि शेवटचा अडकतो. सगळ्यांनी शेजारी-शेजारी राहून एकदम ओलांडा.

प्रश्न : फेरीबोट आणि नांगरलेली कॅसिनो जहाजे, यांतले जास्त धोक्याचे काय?
(वाचक, म्हापसा)

उत्तर : नांगरलेले जहाज, कारण ते निरुपद्रवी वाटते. ओढ ज्या बाजूने जहाजावर आदळते, त्या बाजूला नांगराचे साखळदंड आणि दोर असतात. पाणी त्यांच्याखालून निसटते, पण कयाक आडवी अडकते आणि प्रवाहाकडची कड बुडून उलटते. अशा जहाजाच्या खालच्या अंगानेच, म्हणजे प्रवाह जिकडे जातो तिकडून जा. चुकून आदळलातच, तर अंग जहाजाकडे झुकवा. प्रवाहाकडे झुकणे हीच उलटण्याची सुरुवात असते.

फेरीबोटीच्या नाळेवर विश्वास ठेवू नका. जोराच्या ओढीत ती नाळ प्रवाहावर रोखून तिरकी सरकते, त्यामुळे तोंड एकीकडे आणि जाणे दुसरीकडे असते. धक्क्यावर लागलेल्या फेरीची रॅम्प उचलली जाऊ लागली की ती निघणार, हे समजून थांबा. नेहमी तिच्या मागून जा. पंख्याने घुसळलेले पाणी टाळायला किमान ५० मीटर सोडा.

प्रश्न : बोट गेल्यावरच्या लाटांनी पणजीच्या काठालगत कयाक उलटली. काठ तर सुरक्षित हवा ना?
(वाचक, ताळगाव)

उत्तर : दगडी भिंतीचा काठ नाही. लाट भिंतीवर आपटून परतते आणि येणाऱ्या लाटेत मिसळून उभी उसळते. भिंतीपासून २० मीटर तरी दूर राहा. लाट येताना नाळ तिच्याकडे थोडी तिरकी करा, कंबर सैल सोडा आणि वल्हवणे थांबवू नका. पाण्यातले पातेच तोल देते.

कुंभारजुवे कालव्यासारख्या अरुंद जागी वेगळेच घडते. भरलेली बार्ज जवळ आली की काठाचे पाणी आधी खाली ओढले जाते आणि ती गेल्यावर लोंढ्यासारखे परत येते. गुडघाभर पाण्यात कडेला आडवे थांबलात तर कयाक आधी चिखलावर टेकते, मग लोळते. नाळ पात्राकडे करून, तरंगण्याइतक्या पाण्यात थांबा.

प्रश्न : संध्याकाळी दिवा लागतो का? आणि भोंग्यांचा अर्थ काय?
(वाचक, वास्को)

उत्तर : वल्ह्याच्या बोटीला पांढऱ्या प्रकाशाची विजेरी चालते, पण ती हाताशी हवी आणि टक्कर टळेल इतक्या आधी दाखवायला हवी. डब्यात बंद ठेवलेली विजेरी उपयोगाची नाही. ती लाइफ जॅकेटला बांधा. शिटी सोबत्यांसाठी असते, इंजिनाच्या आवाजात तांडेलाला ती ऐकू येत नाही. त्याला दिसावे म्हणून वल्हे उभे धरून हलवा.

एक छोटा भोंगा म्हणजे बोट उजवीकडे वळते आहे, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटे फिरते आहे. पाच किंवा अधिक झटपट भोंगे म्हणजे तुमचा बेत तांडेलाला कळलेला नाही. वळणाआडून चार ते सहा सेकंदांचा लांब भोंगा आला तर तिकडून बोट येते आहे. वळण संपेपर्यंत कड सोडू नका. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, अंगावर ठेवा. कयाकमध्ये ठेवलेला फोन कयाकबरोबरच वाहून जातो.