दांडा कशावर टेकवायचा? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सरावासाठी जमिनीवर मांडलेल्या चार दांड्यांवरून आमची घोडी आता मान खाली सोडून निवांत जाते. पुढची पायरी म्हणून दांडे थोडे उचलायचे आहेत. क्लबांमध्ये असतात ते प्लास्टिकचे तयार टेकू आम्हाला परवडत नाहीत. गावातल्या सुताराकडून काही करून घेता येईल का? – बारामती

उत्तर : येईल, आणि बाजारातल्यापेक्षा वाईट होणार नाही. मात्र टेकू कसलाही केलात तरी तो एकाच गोष्टीवर जोखा. घोड्याचा खूर नुसता घासला तर दांडा जागेवर राहिला पाहिजे आणि जोरात आदळला तर निमूट खाली पडला पाहिजे. घरगुती टेकूंची बहुतेक दुखणी या दुसऱ्या भागात असतात. दांडा हलू नये म्हणून सुतळीने बांधतात, खिळा ठोकतात, नाहीतर खाच इतकी खोल घेतात की दांडा सुटतच नाही. मग घोडा अडखळला की दांड्यासकट पडतो.

लाकडाच्या वखारीतून ४ × ६ इंची जाडीचा, ८ फूट लांबीचा एक तुकडा घ्या. बाभळीचा मिळाला तर उत्तम, कारण तो जड असतो आणि सहज चिरत नाही. त्याचे फूट-फूट लांबीचे आठ ठोकळे होतात. ठोकळा आडवा ठेवला की उंची ४ इंच, कडेवर उभा केला की ६ इंच. त्यामुळे ६ इंची आणि ४ इंची अशा लागून असलेल्या दोन बाजूंवर, बरोबर मध्यावर, ठोकळ्याच्या लांबीला आडवी अशी एकेक खाच पाडायची. टोकावर उभा केला तर ठोकळा फूटभर उंचही होतो, पण तसा वापरू नका. तो कलंडतो.

खाचेचं माप डोळ्यांनी ठरवू नका. दांड्याचं तोंड पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने गोल काढा. गोलाच्या खालच्या टोकापासून २ सेंटिमीटर वर आडवी रेघ मारा आणि रेघेखालचा चंद्रकोरीसारखा भाग कापून घ्या. हाच तुमचा साचा. दांडा ९ सेंटिमीटर जाड असेल तर खाचेचं तोंड साडेसात सेंटिमीटर रुंद येईल. साचा ठोकळ्यावर आखून करवतीने त्या रेघेपर्यंत एकेक सेंटिमीटरवर उभे काप घ्या, मधल्या फोडी पटाशीने उडवा आणि कानशीने तळ गोल करा. कडा बोट फिरवल्यावर टोचू नयेत इतक्या मारा. खाच दोन सेंटिमीटरहून खोल नको. दांड्याच्या जाडीच्या पाव भागापुढे गेलात की तो सहज सुटत नाही.

या मापाने आडव्या ठोकळ्यावर दांड्याचा माथा जमिनीपासून १७ सेंटिमीटरवर येतो, कडेवरच्या ठोकळ्यावर २२ सेंटिमीटरवर. कदम (साधं चालणं) आणि दुडकी (हलकी धाव), दोन्हींना इतकं पुष्कळ झालं. मांडताना ठोकळ्याची लांब बाजू घोडा जातो त्या दिशेला असू द्या. म्हणजे टोला बसला तर ठोकळा जागेवर राहतो आणि दांडा खाचेतून घरंगळून पुढे जातो. ठोकळ्याची लांब बाजू दांड्याच्या दिशेला मांडली तर तोच कलंडून पायात येतो. दांड्याची टोकं ठोकळ्याबाहेर वीतभर राहू द्या, नाहीतर दांडा थोडा सरकला की एका बाजूने खाली येतो.

आठ ठोकळे एकदम करायची गरज नाही. चार दांड्यांना चार ठोकळे पुरतात. पहिल्या दांड्याचं डावं टोक उचला, दुसऱ्याचं उजवं, तिसऱ्याचं पुन्हा डावं. कडेवरच्या ठोकळ्याने एक टोक २२ आणि जमिनीवरचं दुसरं ९ सेंटिमीटरवर असलं तर मधोमध साडेपंधरा मिळतात. घोडी वाकडी जात असेल तर तिला मध्यावर आणायलाही ही मांडणी सोयीची पडते. नव्या जनावराला आम्ही आधी असंच मांडायला सांगतो, दोन्ही टोकं नंतर.

जुन्या खोक्याचं किंवा पॅलेटचं लाकूड वापरणार असाल तर प्रत्येक खिळा उपटून मोजून ठेवा. मैदानात राहिलेला एक खिळा खुरात गेला की धनुर्वाताची भीती, आणि घोडं त्या बाबतीत फार नाजूक. वाळवीसाठी जळकं ऑइल फासायची आपल्याकडे सवय आहे. घोडी लाकूड चाटते, कुरतडते, तेव्हा ते नको. जवसाच्या तेलाचे दोन हात द्या आणि काम झालं की ठोकळे उचलून कोरड्या जागी ठेवा.

प्रश्न : ठोकळे होईपर्यंत विटा, तेलाचे पत्र्याचे डबे, जुने टायर यांतलं काय चालेल? भाजीच्या क्रेटही पडून आहेत. – नाशिक

उत्तर : विटा नकोत. नालेचा फटका बसला की वीट फुटते आणि तिची धार पायाला लागते. सिमेंटचे ब्लॉकही नकोत. पत्र्याचा डबा तर मैदानाच्या आसपासही ठेवू नका. क्रेटच्या जाळीत खूर अडकतो.

टायर चालेल, पण जसाच्या तसा नाही. स्कूटरचा ३.५०-१० मापाचा टायर आडवा टाकला की साधारण ९ सेंटिमीटर उंची मिळते. मोटारीचा टायर आडवा टाकला तर बहुधा १६ ते १८. अडचण मधल्या भोकाची आहे. घोडा कडेला सरकला तर खूर थेट त्यात जातो. म्हणून मधला भाग मातीने किंवा मुरमाने गच्च भरा. वर दांडा ठेवून त्याच्या दोन्ही अंगांना मूठभर वाळूच्या छोट्या पिशव्या लावा, नाहीतर तो गोल रबरावर टिकणार नाही. पावसाळ्यात टायरमध्ये पाणी साचून डास होतात, तेव्हा खालच्या बाजूला चार भोकं पाडा.

या सगळ्यांपेक्षा पेंडीचं रिकामं पोतं बरं. त्यात १२ ते १५ किलो कोरडी वाळू भरा. पोतं अर्ध्याहून जास्त रिकामं राहिलं पाहिजे. तोंड दुमडून बांधा, आडवं पाडून थापा आणि दांड्यानेच मध्ये खळगा दाबा. दांडा त्यात बसतो, घोड्याचा पाय पोत्यावर पडला तरी पोतं दबतं, आणि टोला लागला की दांडा सुटतो. गच्च भरलेलं पोतं मात्र गोटा होतं आणि दांडा त्यावरून सारखा घसरतो. ही पांढरी विणीची पोती उन्हात काही महिन्यांत भुगा होऊन फाटतात, म्हणून एकात एक दोन घाला आणि सावलीत ठेवा. पहिल्या आठवड्यात घोडं काय करतं ते बघायला याहून स्वस्त आणि मऊ काही नाही.

प्रश्न : दांडे म्हणून चार इंची पीव्हीसी पाइप घेतले. घोडा त्यांना जुमानत नाही, लाथाडून पुढे जातो. वाळू भरू का? – सातारा

उत्तर : पूर्ण भरू नका. ११० मिलिमीटर जाडीच्या ३ मीटर पाइपमध्ये साधारण २५ लिटर वाळू मावते, म्हणजे ४० किलो. तो दांडा उरत नाही, ओंडका होतो. अर्धाच भरला तर वाळू एका टोकाला जाते आणि खडखड आवाजाने घोडं बिचकतं. रिकामा पाइप जेमतेम तीन किलोचा असतो. घोड्याला लाथाडायची सवय त्यानेच लागली.

१० ते १५ किलो वजन नेमकं. पाइप वाया घालवायचा नसेल तर आत ६-७ सेंटिमीटर जाडीचा सुरूचा वासा सरकवा. दोन्ही टोकांना आणि मध्ये गोणपाट गुंडाळून तो घट्ट बसवा, म्हणजे वाजणार नाही. टोकांना एंड कॅप लावून पाइपच्या सोल्यूशनने चिकटवा. उघड्या टोकाची कड चाकूसारखी असते. उन्हाने पाइप ठिसूळ होतो आणि तुटला की अणकुचीदार कपचे निघतात, म्हणून रंग द्या आणि तडा दिसला की तो पाइप बाद करा.

खरं तर सरळ साल काढलेला, वाळलेला सुरूचा किंवा निलगिरीचा ९ सेंटिमीटर जाडीचा, ३ मीटर लांबीचा वासा घेतलात तर हा सगळा खटाटोप टळतो. तो पंधरा किलोच्या आसपास भरतो. बांबू नको. तो हलका असतो आणि चिरला की त्याच्या कामट्या मांसात जातात.

रंगाचं म्हणाल तर पांढऱ्यावर निळे किंवा पिवळे पट्टे द्या. घोड्याला निळा आणि पिवळा वेगळे ओळखू येतात. तांबडा, नारिंगी, हिरवा यांतला फरक त्याला नीट कळत नाही, त्यामुळे लाल मातीवर गेरूचे पट्टे विरून जातात. ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या शर्यतींत नारिंगी खुणा २०२२ मध्ये याच कारणाने पांढऱ्या करायला घेतल्या.

प्रश्न : दोन दांडे उचलून मांडले की घोडा दुडकीत दोन्हींवरून एकदम उडी मारतो. अंतर चुकतंय का? – अहिल्यानगर

उत्तर : अंतराआधी दांडे मोजा. दुडकीला दोन दांडे कधी मांडू नका. घोड्याला तो एक रुंद अडथळाच वाटतो. एकापासून सुरुवात करा, मग थेट तीन, मग चार.

अंतर दांड्याच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत धरा. आपल्याकडच्या साडेचौदा-पंधरा हात उंचीच्या (घोड्याच्या मापातला हात म्हणजे ४ इंच) मारवाडी, काठेवाडी घोड्यांना कदमासाठी ८० ते ९० सेंटिमीटर आणि दुडकीसाठी १.२० ते १.३० मीटरपासून सुरुवात करा. पुस्तकात १.३० ते १.४० दिसतं ते मोठ्या युरोपी घोड्यांचं. मग जमीन वाचा. वाळू सारखी करून घोडा एकदा नेला की खुरांचे ठसे दोन दांड्यांच्या बरोबर मध्ये पडले पाहिजेत. ठसा मागच्या दांड्याला चिकटला तर अंतर मोठं आहे, पुढच्याला चिकटला तर लहान आहे. दांडा उचलला की पाऊल वर जातं आणि थोडं आखूड पडतं, म्हणून उंची वाढवल्यावर ठसे पुन्हा बघा. एका दिवशी एकच गोष्ट बदला, उंची किंवा अंतर.

आधी दहा-पंधरा मिनिटं मोकळं चालवा. उचललेल्या दांड्यांवर दहा मिनिटं, आठवड्यातून दोनदा, एवढं बस. या दहा मिनिटांच्या दुसऱ्या भागात ठोकर लागू लागली तर घोडा आळशी नाही, थकलाय. दांडे खाली ठेवा. पावसानंतर काळ्या मातीवर हे काम करूच नका. तीन वर्षांखालच्या शिंगरांसाठी दांडे जमिनीवरच बरे.

प्रश्न : आमचा घोडा रेवाल चालीसाठी तयार करतोय. दांड्यांनी चाल बिघडते असं ऐकलं. खरं का? – कोल्हापूर

उत्तर : बऱ्याच अंशी खरं आहे. रेवाल म्हणजे स्वाराला धक्के न देणारी झपझप चाल. तीत पाय एका अंगाचे मागोमाग पडतात, दुडकीत तिरपी जोडी एकत्र उचलते. सारख्या अंतरावरचे उचललेले दांडे घोड्याला तिरप्या जोडीकडे ढकलतात. एकाच अंगाने चालणाऱ्या घोड्याला दुडकी शिकवायला म्हणून मुद्दाम दांडे वापरतात. तुम्हाला तेच नको आहे.

तेव्हा दांड्यांवर रेवाल करून बघू नका. फक्त कदम ठेवा. ८५ सेंटिमीटर अंतर, एकच टोक उचललेले तीन दांडे, लगाम सैल. याने पाठ आणि मागचे पाय मोकळे होतात आणि चालीला धक्का लागत नाही. दांडे संपल्यावर किमान वीस मीटर सरळ कदमात जाऊ द्या, मगच रेवाल मागा. लगेच मागितली तर घोडा दुडकीच्या ठेक्यात सुटतो आणि पहिली काही पावलं गोंधळतो.