वजन उतरले, मग छातीत धडधड कशाची?

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर काही महिन्यांनी छातीत धडधडते, ठोका चुकल्यासारखा वाटतो, आणि मग ‘पोटाचे काम करायला गेलो आणि हृदय बिघडवून बसलो का?’ हा प्रश्न माणसाला पोखरू लागतो. ठाण्यातील माझ्या समुपदेशन कक्षात हा प्रश्न मला अनेकदा ऐकायला मिळतो. त्यांपैकी एका बाईंची हकिगत येथे सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना आपण ताई म्हणू.

ताई ४३ वर्षांच्या, राहायला नेरूळला आणि नोकरीला ठाण्यात. स्लीव्ह शस्त्रक्रियेला (हिच्यात जठराचा बराचसा भाग काढून त्याची अरुंद नळी करतात) सात महिने झाले होते आणि वजन ११२ किलोवरून ८१ किलोवर आले होते. पहिल्या भेटीत त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवले आणि विचारले, “मॅडम, रात्री यात ४६ ठोके दिसतात आणि सकाळी उभे राहिले की ११८. झोपेत बंदच पडले तर?” पुढच्या अर्ध्या तासात त्यांनी ते घड्याळ अकरा वेळा उचलून पाहिले.

सुरुवात झाली होती ती घरच्या सत्यनारायणाच्या पूजेत. प्रसादाला नाही म्हणायचे नाही, म्हणून त्यांनी वाटीभर शिरा खाल्ला आणि वीस मिनिटांत घाम, थरथर आणि जोराची धडधड सुरू झाली. रात्री जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढला गेला, तो व्यवस्थित आला आणि “टेन्शन घेऊ नका” असे सांगून त्यांना घरी पाठवण्यात आले. त्या दिवसापासून त्यांनी चालणे बंद केले, खाणे आणखी कमी केले आणि घरी एकटे राहणे टाळले.

अशा वेळी समुपदेशकाला मनाकडे धाव घेण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. नेहमीचा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांची नोंद करतो, त्यामुळे तो चांगला आला म्हणजे दिवसाच्या उरलेल्या वेळाबद्दल काही कळले असे होत नाही. म्हणून मी पहिल्या भेटीत एकही मानसिक उपाय सुचवला नाही. हृदयरोगतज्ज्ञांसाठी आणि ताईंच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांसाठी एकेक चिठ्ठी दिली. तीन आणि सहा महिन्यांच्या तपासण्या ताईंनी ‘बरे वाटते आहे’ म्हणून चुकवल्या होत्या, हे त्याच वेळी समजले.

अंगावर लावलेल्या छोट्या यंत्राने चोवीस तास ईसीजी नोंदवणाऱ्या होल्टर तपासणीत काही जादा ठोके सापडले, धोकादायक असे काही नव्हते; टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगली होती. रक्तात मात्र पोटॅशियम ३.१ आणि हिमोग्लोबिन ९.६, म्हणजे दोन्ही कमी होते, आणि उभे राहताच रक्तदाब उतरत होता. कारण सरळ होते: ११२ किलो वजनाला लागणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या त्या ८१ किलोलाही तेवढ्याच घेत होत्या आणि त्यांत एक लघवी वाढवणारी होती. ती गोळी पाण्याबरोबर पोटॅशियमही बाहेर काढते, पोटॅशियम घटले की जादा ठोके वाढतात, आणि रक्त कमी असले की तेवढाच प्राणवायू पुरवण्यासाठी हृदयाला अधिक वेगाने धावावे लागते. शिऱ्याने झालेला त्रास वेगळा होता. लहान झालेल्या जठरातून साखर घाईने आतड्यात उतरली की असे घडते, त्याला डॉक्टर डंपिंग म्हणतात. ज्या ४६ ठोक्यांना ताई सर्वांत जास्त घाबरत होत्या, ते या सगळ्यात सर्वांत निरुपद्रवी निघाले, कारण वजन झपाट्याने उतरल्यावर विश्रांतीतील नाडी मंदावते आणि भोवळ किंवा बेशुद्धी नसेल तर सहसा त्यासाठी काही करावे लागत नाही.

पाण्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण ती कोणत्याही अहवालात येत नाही. सकाळी आठच्या गाडीने निघायचे, गाडीत सोय नाही, स्थानकावरच्या स्वच्छतागृहात जाववत नाही, म्हणून ताई उठल्यापासून कार्यालयात पोहोचून स्थिरावेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसत. ठाणे आणि नवी मुंबई जोडणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलने रोज जाणाऱ्या कितीतरी बायका हेच करतात आणि कार्यालयात पोहोचल्यावर दोन पेले पाणी पिऊन भरपाई करतात. स्लीव्हनंतर ती भरपाई होत नाही, कारण पाणी घोटाघोटानेच प्यावे लागते आणि जेवणाबरोबर तर प्यायचेच नसते. सकाळचे तीन तास गेले की दिवसभराचे दीड-दोन लिटर पुरे होणे अवघड. घणसोली-रबाळेच्या दरम्यान उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी येत असे, ती यामुळे.

डॉक्टरांनी लघवीची गोळी थांबवली, पोटॅशियम भरून काढले, लोह शिरेतून दिले. तीन आठवड्यांत जादा ठोके बरेच कमी झाले. भीती मात्र तसूभरही हलली नाही, आणि माझे काम तेथून सुरू झाले.

घड्याळाऐवजी मी वही दिली. तीत आकडा लिहायचा नाही. धडधडण्याआधी काय खाल्ले, किती पाणी झाले होते, उभ्या होता की आडव्या, एवढेच लिहायचे. दोन आठवड्यांत बहुतेक नोंदी तीन ठिकाणी जमल्या: गोड खाल्ल्यानंतर, गाडीत, आणि रात्री डाव्या कुशीवर, जेथे ठोका छातीच्या भिंतीला लागून अधिक जाणवतो. ताईंचे पती दर तासाला “बरे वाटते ना?” असे फोनवर विचारत. त्यामागे माया होती, पण प्रत्येक फोनने ताईंना आठवण होई की काहीतरी होणार आहे. दिवसातून एकदा, तेही जेवणाचे विचारायचे, असे आम्ही ठरवले. मग हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी घेऊन आम्ही दोघी माझ्या इमारतीचे दोन मजले चढलो, आणि वर बसून मनगटाला हात न लावता ठोके आपोआप खाली येईपर्यंत थांबलो. चार मिनिटे लागली. “एवढेच?” असे त्या म्हणाल्या, आणि मग रडल्या.

त्या रडण्यामागे हृदय नव्हते. जाऊबाई म्हणाल्या होत्या, “तोंडाला आवर घातला असता तर पोट कापायची वेळ आली नसती.” कार्यालयात ताईंनी हर्नियाचे ऑपरेशन म्हणून सांगितले होते, त्यामुळे कोणाच्या वाढदिवसाचा पेढा आला की एक तर खोटे बोलायचे किंवा तो खायचा. धडधडणे ही आपल्या आळसाची शिक्षा आहे, असे त्यांनी मनोमन धरले होते, आणि शिक्षा मानली की माणूस उपाय शोधत नाही, ती भोगतो. लठ्ठपणात आनुवंशिकता आणि संप्रेरके यांचा मोठा वाटा असतो, हे मी त्यांना तीनदा तरी समजावले. त्याहून अधिक उपयोग झाला तो शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला खरे सांगण्याचा.

धडधडण्यामागे दर वेळी असे सौम्यच काही निघते, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. घोडबंदर रस्त्यावरून येणाऱ्या, वजन कमी करण्यासाठी बायपास पद्धतीची (जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडण्याची) शस्त्रक्रिया झालेल्या एका गृहस्थांना घरचे “गॅस आहे” म्हणत राहिले आणि होल्टरमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, निघाले. लठ्ठपणा हा त्या विकाराला निमंत्रण देतो आणि वजन उतरल्याने दीर्घकाळात त्याची शक्यता घटते, तरी ती शून्य होत नाही. शिवाय बायपासनंतर औषधे शोषली जाण्याचे प्रमाण बदलू शकते, म्हणून या विकारात गुठळ्या होऊ नयेत यासाठी दिले जाणारे रक्त पातळ करण्याचे औषध आणि त्याची मात्रा डॉक्टरांनी नव्याने ठरवावी लागते. शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, दम लागणे, थांबता न थांबणारी वेगवान वा अनियमित नाडी, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काही झाले, तर समुपदेशकाची वेळ न मागता १०८ ला फोन करावा. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ताप किंवा पोटदुखीसह नाडी वेगाने चालत असेल, अथवा काही दिवस उलट्या थांबत नसतील, तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना गाठावे.

ताई आता दोन महिन्यांतून एकदा येतात. सकाळी थोडे लवकर उठून निघण्याआधी चारशे मिलिलिटर पाणी घोटाघोटाने संपवतात आणि ठाणे स्थानकाचा पूल न थांबता चढतात. घड्याळ कपाटात आहे, टाकून दिलेले नाही. कधीतरी रात्री जाग येते. तेव्हा त्या कूस बदलतात, पाण्याचे दोन घोट घेतात आणि पतींना उठवत नाहीत.