‘राखीव डाव’ की ‘लावून ठेवलेली चाल’?

बडोद्याहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. दांडिया बाजारातली त्यांची मित्रमंडळी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, पाळीपाळीने खेळायचा कल्पनेतल्या साहसांचा खेळ मराठीतून खेळतात. लढाईतल्या ‘रेडीड अ‍ॅक्शन’ला ते ‘राखीव डाव’ म्हणतात, एकाला ‘दबा धरणे’ बरं वाटतं. यातलं कोणतं घ्यावं?

माझं मत दोन्हींच्या विरुद्ध आहे. २०१४च्या पाचव्या आवृत्तीचा नियम असा: आपल्या पाळीला आपण एक निमित्त ठरवायचं, दिसेल किंवा ऐकू येईल असं, आणि ते घडल्यावर काय करणार हेही तेव्हाच सांगायचं. निमित्त घडलं की ‘रिअ‍ॅक्शन’ (म्हणजे दुसऱ्याच्या पाळीतही करता येणारी झटपट कृती) खर्चून ते करता येतं. आपली पुढची पाळी येईपर्यंत घडलंच नाही, तर ती चाल वाया जाते. म्हणजे इथे काहीच राखलं जात नाही. राखीव निधी उद्याही असतो, ही चाल उद्या नसते.

‘डाव’ तर बडोद्यात अधिकच फसवा. १९३१ साली बडोदे संस्थानाने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ काढला, त्यात राज्यकारभाराचे शब्द निरनिराळ्या भाषांत शेजारी-शेजारी मांडले. तसाच इथे मराठीशेजारी गुजराती शब्द ठेवून पाहा. गुजरातीत ‘दाव’ म्हणजे पाळी, आणि ‘राखवुं’ म्हणजे नुसतं ठेवणं. त्यामुळे तुमच्या टेबलावर ‘राखीव डाव’ ऐकताना ‘पाळी मागे ठेवली’ असाच अर्थ मनात येणार. पण पाळी मागे ढकलणं हा वेगळाच नियम आहे. तो २००३च्या ३.५ आवृत्तीत ‘डिले’ नावाने होता, पाचवीत नाही. ‘राखीव डाव’ हे नाव त्यालाच शोभतं.

‘दबा धरणे’त लपणं येतं. मैदानाच्या मधोमध, शत्रूच्या डोळ्यांदेखत भाला रोखून उभा असलेला योद्धाही हीच चाल करत असतो. ‘रेडीड’चा शब्दशः अर्थ ‘सज्ज’, पण त्यात निमित्तच नाही, सैनिक दिवसभर सज्ज असतो.

मला ‘लावून ठेवणे’ नेमकं वाटतं. गजर लावून ठेवतो तसं: वेळ आपण आधी ठरवतो, वाजतो तो नंतर. शिवाय धनुष्याला बाण लावतातच. ‘बाण लावून ठेवतो, दारातून कोणी बाहेर आलं की सोडतो.’ मंत्राला मात्र ‘धरून ठेवणे’ म्हणा. तो आपल्या पाळीलाच टाकलेला असतो, स्लॉट (मंत्र टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) तेव्हाच खर्ची पडतो, आणि मधल्या काळात एकाग्रतेने नुसता धरलेला असतो. घाव बसून एकाग्रता मोडली, तर मंत्र हातातून गेला.

खरी गंमत ‘बाहेर आलं की सोडतो’मधल्या त्या ‘की’त आहे, आणि मराठीत खेळणाऱ्यांनी तिचा फायदा घ्यायलाच हवा. ‘त्याने दार उघडलं की’, ‘दार उघडताच’ यांत दार उघडून झालेलं आहे. पाचव्या आवृत्तीत असंच होतं: आधी निमित्त पुरं, मग आपली चाल. ३.५मध्ये आपली चाल निमित्ताच्या आधी घुसते. तिथे ‘तो मंत्र म्हणू लागला, की म्हणून व्हायच्या आत मारतो’ असं बोलावं लागेल. पाचवीत ‘मंत्र म्हणायच्या आत’ म्हणणाऱ्याला खेळ चालवणाऱ्याने तिथेच थांबवावं, नाहीतर पुढे वाद ठरलेला.

निमित्त नेमकं हवं. ‘शत्रूने काही केलं तर’ असं म्हटलंत, तर त्याने मान वळवली तरी निमित्त घडलं! ‘आपला भालेवाला खांबामागे गेला की आगीचा गोळा सोडतो’ हे उत्तम. स्वतःचा गडी वाचतो आणि शत्रूंचा घोळका सापडतो. दोन वार करू शकणाऱ्या योद्ध्याने मात्र जपून. जादा वार स्वतःच्या पाळीलाच मिळतो, म्हणून लावून ठेवलेल्या चालीत त्याचा एकच वार उरतो. समोर कोणी मारायच्या टप्प्यात असेल, तर त्याने वाट न पाहता तेव्हाच वार करावेत.

‘सोडतो’ म्हटलं म्हणून सोडायलाच हवं, असंही नाही. दारातून बाहेर आलेला आपलाच माणूस निघाला, तर निमित्त जाऊ देण्याची मुभा नियमात आहे. बाण तेवढा फुकट लावलेला.