रेल्वे लाईन वाचवायची तर आधी वाघिणी मोजा

रेल्वे कंपनी तुमच्या भागातली मालवाहू लाईन बंद करेल अशी भीती असेल, तर सह्यांची मोहीम नंतर करा. अमेरिकेत मालवाहू लाईन सोडून द्यायला, म्हणजे कायमची बंद करायला, परवानगी द्यायची की नाही हे सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड ही सरकारी संस्था ठरवते, आणि तिथे आठवणींपेक्षा मालाला वजन आहे. दोन वर्षं लाईनवर स्थानिक माल गेलाच नाही, तर कंपनीला पूर्ण अर्जाऐवजी सवलतीची छोटी वाट मिळते. तेव्हा धान्याच्या गोदामवाल्यांना, खतवाल्यांना आजच गाठा. थोड्या का होईना, वाघिणी मागवत राहा, आणि मागणी लेखीच. वाघिणी नाकारल्या तर बोर्डाकडे तक्रार करा; ती प्रलंबित असेपर्यंत त्या छोट्या वाटेत अडसर येतो.

कंपनीचा सिस्टिम डायग्राम नकाशाही पाहा; त्यात तिच्या लाईनींची वर्गवारी असते. पहिल्या वर्गात तुमची लाईन असली, तर तीन वर्षांत ती सोडायचा बेत आहे समजा.

अर्ज आलाच, तर लाईन विकत घ्यायचा प्रस्ताव देता येतो. भाव जमला नाही तर बोर्ड किंमत ठरवतं. त्यात रूळ आणि जमीन विकून हाती काय येईल, हा हिशेब मोठा. म्हणून परवानगी काढून, जाणकार सोबत घेऊन लाईन चालून पाहा. रुळाच्या उभ्या बाजूवर त्याचं वजन आणि साल उठावदार कोरलेलं असतं. जड रूळ म्हणजे भंगाराचा भाव जास्त, किंमत चढी. हलका रूळ स्वस्त, पण 2,86,000 पौंडांची भरलेली वाघीण त्यावर चालवणं अवघड.

1983 पासून रेलबँकिंगही आहे: लाईनच्या जमिनीचा पट्टा शाबूत, वर सायकलवाट. माल मात्र ट्रकनेच जाणार, हे गोदामवाल्यांना आधीच सांगा.